दुसरी उडी

रुखसारची उंची आणि व्हॉलीबॉलचं नेट यांचं पहिल्यापासून पटलं नव्हतं. नेट वर होतं, ती खाली होती, आणि दोघांपैकी कुणी माघार घ्यायला तयार नव्हतं. नांदेडच्या कॉलेजात संघ निवडायच्या दिवशी एका मुलीनं तिला सरळ विचारलं होतं, "तू चेंडू गोळा करायला आलीस का?" त्या दुपारी मैदानभर लोळून तिनं इतके चेंडू वाचवले की तिला संघात घ्यावंच लागलं. पण घेतलं ते मागच्या ओळीत. तिला पुढं यायचं होतं, नेटपाशी. तिला स्मॅश मारायचा होता.

तिचं घर कंधारचं. कॉलेजसाठी ती नांदेडला तिच्या फुफीकडं, म्हणजे बापाच्या बहिणीकडं राहायची. रईसाफुफीचं गाद्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. नवऱ्याच्या मागं फुफीनं दुकान एकटीनं चालवलं होतं. कापूस पिंजायच्या मशीनपेक्षा तिचा आवाज मोठा होता, आणि थट्टा करण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

"बेटी, तुझ्या अब्बाला मी तेव्हाच म्हटलं होतं, पोरीला लहानपणी जरा टांगून ठेव," ती म्हणायची. "त्यानं ऐकलं न्हाई."

संघात उंच म्हणाल तर पुनम. लोहा तालुक्यातल्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची पोरगी. हात वर केला की बोटं नेटच्या वर जायची, उडी मारायची गरजच पडायची नाही. रुखसारची ती जिवाची मैत्रीण होती. त्यामुळं रुखसारची पाण्याची बाटली हात उंच करून धरायची आणि म्हणायची, "घे की. हाय तुझ्यासमोरच."

दिवाळीच्या आधी कॉलेजात नवे प्रशिक्षक आले. गुरुपादप्पा सर निलंग्याकडचे, कर्नाटकाच्या हद्दीजवळचे. केस पिकलेले, अंगानं बारीक. कधी ओरडायचे नाहीत. कुणी घाई केली की म्हणायचे, "निधान, निधान." कानडीत त्याचा अर्थ सावकाश. आठवड्याभरात पोरींनी त्यांचं नाव निधान सर ठेवलं.

पहिल्याच दिवशी रुखसार त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "सर, मला उंच उडी मारायची हाय."

सरांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. तेवढं बघायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"मारू की," ते म्हणाले. "आधी उतरायला शीक."

त्यांनी मैदानात एक बुटकं बाकडं आणून ठेवलं. गुडघ्याच्याही खाली येईल एवढंच. त्यावरून उडी मारायची नाही, नुसतं पाऊल पुढं टाकायचं आणि दोन्ही पायांवर उतरायचं. आधी चवडे, मग टाच. कंबर मागं, खुर्चीवर बसायला निघाल्यासारखी. गुडघे आत झुकले तर नापास. आणि मुख्य म्हणजे आवाज यायला नको.

रुखसार उतरली. धप्प आवाज झाला.

"म्हैस बसली," सर म्हणाले. "परत."

सगळा आठवडा त्या पोरी बाकड्यावरून उतरून राहिल्या होत्या. चढायचं, उतरायचं, तसंच थांबायचं, उठायचं. सर कधी कधी पाठ करून उभे राहायचे आणि नुसता आवाज ऐकून सांगायचे, ही म्हैस, ही शेळी, ही पोत्याची थप्पी. मांजर म्हणून कुणाचाच नंबर लागला नव्हता.

"सर, हे कशाला?" शेवटी रुखसारनं विचारलं. "आम्हाला वर जायचं हाय, तुम्ही खाली उतरवून राहिलात."

सर बाकड्यावर बसले. "हे बघ. तू खाली येतेस तेव्हा पायातले स्नायू ताणतात, रबरासारखे. ताणले की लगेच वर निघालीस तर ते तुला फेकतात. पण खाली येऊन बसलीस, इकडंतिकडं बघितलंस, की ते ताणलेलं तिथंच विरून जातं. मग तुझं वजन तुलाच उचलावं लागतं. आता सांग, वैशाखात गच्चीवर अनवाणी पापड उचलायला गेलीस कधी?"

"हाव."

"पाय कसा टाकतेस?"

"टाकत न्हाई, उचलतेच."

"तसं शिकवायचं हाय मला. पण ज्याला नीट उतरता येत न्हाई त्याला लगेच वर जायला सांगितलं, तर गुडघा जातो. म्हणून आधी उतरणं."

रुखसारला हे पटलं. पटलं म्हणजे तोंडानं पटलं. रात्री मोबाइलवर तिनं कुठल्याशा परदेशी खेळाडूंचे व्हिडिओ बघितले. छातीएवढ्या पेटीवरून ते खाली उडी टाकायचे आणि जमिनीला पाय लागतो न लागतो तोच दुसऱ्या पेटीवर जायचे. तिला वाटलं, सर आपल्याला बालवाडीत बसवून राहिलेत.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर ती गच्चीवर गेली. तिथं पाण्याच्या टाकीखाली सिमेंटचा चांगला उंच कट्टा होता. ती त्यावर चढली आणि खाली उडी टाकली.

खाली दुकानात औश्याकडून आलेले एक म्हातारे गिऱ्हाईक लेकीच्या लग्नासाठी गाद्या बघत होते. छत हादरलं, वरून चुन्याचा भुगा पडला, आणि म्हातारे चप्पल तिथंच टाकून रस्त्यावर गेले. किल्लारीचा भूकंप त्यांनी बघितलेला होता. त्यांना आत आणायला, पाणी द्यायला, हे पोरीचं काम आहे म्हणून पटवायला फुफीला अर्धी संध्याकाळ लागली. रुखसारनं खाली येऊन त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "असू दे, बाई. तू धडधाकट हायस, एवढं कळलं."

म्हातारे गेल्यावर फुफी म्हणाली, "तुला उड्याच मारायच्या असतील तर गादीवर मार. माझ्याकडं काय गाद्यांची कमी हाय?"

ही कल्पना रुखसारला भलतीच आवडली. दुरुस्तीला आलेल्या जुन्या गाद्या तिनं गच्चीवर नेऊन एकावर एक रचल्या. कट्ट्यावरून त्यावर उडी टाकली. आवाज नाही. परत टाकली. तरी नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, कॉलेजातला सराव झाल्यावर, दम लागेपर्यंत तिचं हेच चाललं.

चार दिवसांनी ती सरांना ऐटीत म्हणाली, "सर, माझा आवाज बंद झाला. मी घरी गाद्यांवर करून राहिले."

सर हसले. इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

"अगं, आवाज तू न्हाई गिळला, गादीनं गिळला. आणि आवाजाबरोबर तुझी उसळी पण गिळली. गादी पाय धरून ठेवते, परत देत न्हाई. रोज करतेस?"

"रोज."

"बंद कर," सर म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते. "उड्यांच्या मधे पायांना सुट्टी लागते. जोर उडी मारताना वाढत न्हाई, नंतर झोपेत वाढतो."

तिनं मान हलवली. गाद्या मात्र तिनं लगेच खाली आणल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात तिची डावी नडगी दुखायला लागली. सुरुवातीला सकाळी उठल्यावर, मग जिना उतरताना, मग सारखीच. लातूरचे सामने दीड-दोन महिन्यांवर आले होते. आसपासच्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे संघ तिथं जमणार होते. रुखसारनं कुणाला काही सांगितलं नाही. पुनमनं विचारलं, "लंगडून राहिलीस का?" तर म्हणाली, "चप्पल लागली."

सरांपासून मात्र लपलं नाही. ते पाठ करून उभे होते आणि पोरी बाकड्यावरून उतरत होत्या. रुखसार उतरल्यावर ते वळले.

"तुझा डावा पाय मागून येऊन राहिलाय. एस्टीसारखा. काय झालं त्याला?"

"काही न्हाई सर."

सरांनी वाकून नडगीवर अंगठा दाबला. रुखसारनं दात आवळले, पण डोळ्यांत पाणी आलंच. मग गाद्या, कट्टा, टाकी, सगळं बाहेर पडलं. पुनम बाजूला उभी होती, तिनं पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

"पंधरवडाभर एक उडी मारायची न्हाई," सर म्हणाले. "आधी डॉक्टरला दाखव. हाड ठीक हाय म्हटले तर मी सांगतो ते करायचं. नडगी दुखली की थांबायचं आणि मला सांगायचं."

"आणि लातूर?"

"लातूर कुठं जात न्हाई. तिथंच असतं."

रुखसार तिथून तडक निघाली. घरी येऊन फुफीशी भांडली, गाद्या खाली आणून आपटल्या, आणि रात्री जेवली नाही. फुफीनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "उपास करून उंची वाढते का, विचार तुझ्या सरांना."

डॉक्टरांनी हाड ठीक असल्याचं सांगितलं. नडगीला सूज होती, विश्रांती हवी होती. मग सरांचा दुसरा अभ्यास सुरू झाला. सावकाश बसणं, सावकाश उठणं. चवड्यांवर उभं राहणं, सावकाश खाली येणं. एका पायावर उभं राहून तोल सांभाळणं. पाय कुरकुरेनासा झाल्यावर थोडं वजन घेऊन बसणं-उठणं. पायांत आधी ताकद, मग उसळी, असं त्यांचं म्हणणं.

वजन म्हटल्यावर फुफीचे कान टवकारले.

"वजनच पाहिजे ना? मग हे घे," असं म्हणून तिनं गुंडाळलेली गादी रुखसारच्या खांद्यावर ठेवली. "बस. ऊठ. लई छान. आता बसून झालं असेल तर ही समोरच्या दुकानात देऊन ये. निधान."

सर एकदा पाय बघायला म्हणून दुकानात आले, तेव्हा रुखसार खांद्यावर गादी घेऊन बैठका मारत होती आणि फुफी चहा पीत मोजत होती, मधला एखादा आकडा मुद्दाम विसरून. तिनं सरांना स्टूल दिलं.

"सर, तुम्ही पोरीला उडी शिकवून राहिलात का बसायला?" फुफीनं विचारलं.

"जो नीट बसतो तोच नीट उठतो, आपा. तुम्ही उठून दाखवा बरं, हात न टेकता."

"मी कशाला? माझी कुठं निवड व्हायची हाय?"

सरांनी चहा संपवला. जाताना मात्र रुखसारला म्हणाले, "तुझे गुडघे आता आत झुकत न्हाईत. बघितलंस का?" तिनं बघितलं नव्हतं. त्या रात्री ती आरशासमोर बराच वेळ उठत-बसत राहिली.

पंधरवडा सरला, ठणका गेला, आणि ती पुन्हा बाकड्यावर चढली. पाऊल टाकलं, उतरली. सर पाठ करून उभे होते. ते वळलेच नाहीत.

"सर?"

"उतरलीस का? मला वाटलं अजून वरच हायस."

पुनमनं टाळ्या वाजवल्या. "मांजर झाली. आता दुधाला जपा."

त्यानंतर खऱ्या उड्या सुरू झाल्या. पण त्याही रुखसारच्या मनासारख्या नव्हत्या. जमिनीवर चुन्याच्या रेघा, त्यांच्यावरून इकडं-तिकडं टुणटुण. मग बाकड्यावरून उतरून लगेच वर. थोड्याच मारायच्या, मग बसून राहायचं, दम पूर्ण परत येईपर्यंत. उड्यांना रंग चढला की सर थांबवायचे.

"सर, अजून घाम पण आला न्हाई," रुखसार कुरकुरली.

"घाम पाहिजे तर विष्णुपुरीपर्यंत पळत जा, धरण बघून ये. इथं उडी शिकायची हाय. थकून मारलेल्या उडीतून पाय आळसच शिकतो."

पुनमची अडचण वेगळी होती. ती उंच जायची, पण खाली आली की टाचा टेकून, गुडघे पार वाकवून, मग पुन्हा निघायची. सर म्हणायचे, "पुनम, जमीन तुझ्या बापाची हाय, मान्य. पण दर उडीला मोजत बसू नको."

लातूरला निघाले तेव्हा संघात रुखसारचं नाव पुढच्या ओळीत होतं. त्यावरून कॉलेजात कुजबुज झाली. बुटक्या पोरीला नेटजवळ उभं करणारा माणूस एक तर फार हुशार असतो किंवा निवृत्तीला आलेला असतो, असं कुणीतरी म्हणालं. सरांच्या कानावर आलं तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही खरं हाय."

सामन्याच्या दिवशी फुफीही लातूरला हजर होती. तिथं तिची नणंद राहायची. भाची खेळते म्हणून आलेय, असं ती चुकूनसुद्धा म्हणाली नाही. नणंदेला गादी द्यायची होती म्हणाली, आणि खरोखरच एक गादी एस्टीच्या टपावर टाकून घेऊन आली होती.

पहिला सामना एका तगड्या संघाशी पडला. त्यांच्या पुढच्या तिघी पुनमएवढ्या. पहिला चेंडू रुखसारला उचलून दिला तेव्हा तिनं धाव घेतली, उडी मारली, सगळा जोर लावून स्मॅश मारला, आणि समोर दोन जोड हातांची भिंत उभी राहिली. चेंडू तिच्याच पायापाशी येऊन पडला. दुसरा तसाच. तिसरा नेटमध्ये. पलीकडची एक पोरगी हसली. पहिला डाव हातचा गेला.

मधल्या वेळात रुखसार सरांसमोर उभी राहिली. "सर, मला मागं घ्या. त्यांचे हात माझ्या वर येऊन राहिलेत."

"येणारच. ते लांब हायत," सर म्हणाले. "पण त्या खाली आल्यावर काय करतात, बघितलंस का?"

"न्हाई."

"जमीन मोजतात."

पुनम बाजूलाच होती. ती खाली मान घालून हसली.

दुसऱ्या डावात चेंडू परत रुखसारकडं आला. ती वर गेली, मारला, भिंत उभीच होती. या वेळी चेंडू त्यांच्या हातांवरून उसळून वर गेला आणि रुखसारच्याच बाजूला, नेटला लागून, खाली यायला लागला. पलीकडच्या दोघी जमिनीवर उतरल्या होत्या, गुडघे वाकवून, टाचा टेकून. रुखसारही उतरली होती. आपण उतरलो हे मात्र तिला कळलं नाही. पाय लागले आणि ती परत वर होती. समोर कुणी नव्हतं, आकाश होतं. तिनं जोर लावलाच नाही. नुसती बोटं टेकवली. चेंडू नेटपलीकडं मोकळ्या जागेत पडला.

क्षणभर कुणाला कळलं नाही की काय झालं. मग पुनमनं येऊन तिला उचललं, अक्षरशः.

त्यानंतर तसं परत झालं, आणि परत. पहिला फटका अडवला जायचा, दुसऱ्या वेळी ती एकटीच वर असायची. पलीकडचे प्रशिक्षक ओरडायला लागले, "त्या बारकीला बघा, ती परत येते." त्या बघायला लागल्या, तर पुनमवरचं लक्ष सुटलं आणि पुनमनं हात धुऊन घेतले. दुसरा डाव नांदेडचा, तिसरा पण.

सामना संपल्यावर फुफी मैदानाच्या कडेनं चालत आली. रुखसार पळत तिच्याकडं गेली. तिला वाटलं, आज तरी कौतुक होईल.

"फुफी, बघितलंस?"

"बघितलं की. पण एक कळलं न्हाई. तुला एकच चेंडू दोनदा का मारावा लागून राहिला? पहिल्यांदाच नीट मारायचा न्हाई का?"

सर मागून आले होते. ते म्हणाले, "आपा, पुढच्या वर्षी ते शिकवतो."

फुफीनं पदरानं रुखसारच्या तोंडावरची धूळ पुसली. पुसता पुसता तिचा हात जरा जास्तच वेळ पोरीच्या गालावर राहिला. मग ती नणंदेकडं निघून गेली, कारण गादी अजून दारातच पडली होती.

मधला एक सामनाही जिंकला, पण दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात नांदेडचा संघ हरला. सरळ हरला, सबब सांगायला जागा नव्हती. त्या संघातल्या पोरी उंच होत्या आणि जमीनही मोजत नव्हत्या. परतीच्या प्रवासात रुखसार खिडकीशी बसून थोडी रडली. पुनमनं बाटली पुढं केली, या वेळी खालूनच.

आठवड्याभरानं सरांचा फोन आला. फुफी दुकानात नव्या रजईला टाके घालत होती, रुखसार सुईत दोरा ओवून देत होती.

"विद्यापीठाच्या संघाच्या शिबिराला पुनमचं नाव लागलं," सर म्हणाले.

"हाव सर. कळलं. लई बरं झालं." तिला खरंच बरं वाटलं होतं. जरा कमी, पण वाटलं होतं.

"तुझं पण हाय. राखीव."

रुखसार उभी राहिली. "राखीव म्हणजे सर, खेळायला मिळेल?"

"मिळेलच असं न्हाई. सराव सगळा करायचा, बाकी वेळ पाणी द्यायचं, चेंडू उचलायचे. कुणी थकलं तर आत. जाशील का?"

तिनं ओवलेली सुई फुफीच्या हातात दिली. मग म्हणाली, "जाईन सर. शिबिरात बाकडं असतंय का?"

"नसलं तर आपलं घेऊन जा."

फोन ठेवून तिनं फुफीला सांगितलं. सांगताना आवाज जरा पडलाच. फुफीनं टाका पूर्ण केला, दोरा दातानं तोडला.

"राखीव म्हणजे चांगलंच की, बेटी. एस्टीत राखीव जागेवर दुसऱ्या कुणाला बसू देत न्हाईत."

रुखसार हसायला लागली, आणि हसत हसतच पुनमला फोन लावायला जिना चढून वर गेली.